मोरसला गेलेला थोरला



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे अशी रीत पडली आहे. आम्ही विद्वान नव्हे. शाळेत सातवीपर्यंत बसलो. पुढचे शिक्षण कामगारांच्या तक्रारअर्जांनी आणि वाचनालयातल्या पुस्तकांनी केले. तेव्हा आज आम्ही शास्त्र सांगणार नाही. आमच्या घरी झालेल्या एका लग्नाची हकिगत सांगणार आहोत, आणि त्या लग्नात आमची जी चूक झाली तीही सांगणार आहोत.

आमचे मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातले. आजोबा घाट चढून वर आले आणि श्रीरामपूरच्या बाजूला साखर कारखान्यात कामास लागले. तेव्हापासून आम्ही नगरचे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण जिभेला जुने वळण आहे, ते चालवून घ्यावे. घरात लग्न निघाले म्हणजे गावात अक्षत देण्यास निघण्यापूर्वी आमची आजी देवापुढे एक विडा जास्तीचा मांडीत असे. "हा कोणाचा?" म्हणून विचारले, तर म्हणे, "थोरल्याचा. तो मोरसला गेलाय. यायचाय अजून." हा थोरला म्हणजे आमच्या आजोबांच्या आजोबांचा वडील भाऊ. त्याला आजीने पाहिला नव्हता, तिच्या सासूनेही पाहिला नव्हता. तरी विडा मांडला जाई.

मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी 'मोरस साखर' हा शब्द ऐकला असेल. त्या बेटावरून पांढरी साखर आपल्या बाजारात येई, म्हणून तिचे नाव मोरस पडले. स्वदेशीच्या चळवळीत पुष्कळांनी ती वर्ज्य केली. मौज पाहा. मोरसची साखर दर सणाला आपल्या गावोगावच्या दुकानांत येत होती, पण ती पिकविण्यास गेलेला आपला माणूस परत येत नव्हता.

तो गेला कसा? मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळेवाल्यांना माणसे हवी होती. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर तेथे उतरले. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही भरती होऊ लागली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे ह्या एका बेटावर उतरली. आरंभीचा करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. ह्या 'अ‍ॅग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा रोज कापीत. आमच्या कामगार बंधूंनी हे नीट ऐकावे. एक दिवसाची गैरहजेरी आणि दोन दिवसांची कपात, हे पुस्तकात वाचले तेव्हा आम्हांस ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे मुळीच वाटले नाही.

हे लोक मुकाट्याने सोसत होते असेही नाही. १८७१ साली तेथील जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, त्यावर ९,४०१ सह्या होत्या. आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना साह्य केले. त्या अर्जामुळे १८७२ साली चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. पुढे १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्यास कायदे कौन्सिलात ही सारी गिरमिटपद्धतीच बंद करावी असा ठराव मांडला. ठराव पडला, पण पाच वर्षांत ती भरती थांबवावी लागली. गोखल्यांचा जन्मही रत्नागिरी जिल्ह्यातलाच, कोतळूकचा.

आता आपण म्हणाल, गेलेल्या माणसांनी घरी पत्रे का धाडली नाहीत? येथे दुसऱ्या एका देशाचे उदाहरण घेऊ. युरोपाच्या उत्तरेस नॉर्वे नावाचा देश आहे. १८२५ साली स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाचे एक लहानसे जहाज पन्नासावर माणसे घेऊन अमेरिकेस निघाले. २०२५ साली त्या घटनेस दोनशे वर्षे झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन लोक अमेरिकेत गेले. पण त्यांच्यात लिहिण्यावाचण्याचा प्रसार होता. त्यांनी घरी पत्रे लिहिली, आणि 'अमेरिकेची पत्रे' म्हणून ती गावात मोठ्याने वाचली जात. शिवाय त्या देशात गावोगावच्या इतिहासाचे ग्रंथ आहेत. त्यांत एकेका शेतीवाडीवर पिढ्यान्‌पिढ्या कोण राहिले आणि कोण अमेरिकेस गेले, ह्याची नोंद असते. त्यामुळे अमेरिकेतला नातू आजही त्या गावच्या लग्नास येतो, तेव्हा तो कोणाचा कोण हे पुस्तक उघडून सांगता येते.

आमच्या थोरल्याला लिहिता येत नव्हते. त्याचे नाव आम्ही लिहून ठेवले नाही. त्याचे नाव लिहून ठेवले ते त्याला राबविणाऱ्यांनी. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुरास एक नंबर मिळे आणि सरकारी वहीत नोंद होई. त्या वह्या आज तेथे मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मजूर पळाला तर ओळखून धरावा, हाही त्या नोंदींचा एक उपयोग होता. त्यांतूनच आज त्याच्या वंशजास आपले गाव सापडते. ज्या पोर्ट लुई बंदराच्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे वर गेली, त्या जागेस आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिची जागतिक वारशात गणना झाली.

२०२४ साली भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय कार्ड मिळण्याची वाट मोकळी केली. तेव्हा तेथील अनेक कुटुंबांनी आपल्या मूळपुरुषाचा उतारा काढला. अशाच एका कुटुंबाचे पत्र कोकणातल्या आमच्या गावच्या सरपंचांकडे आले. आडनाव जुळेना. जुळणार कसे? तेथे पहिल्या माणसाचे स्वतःचे नाव तेच पुढे घराण्याचे आडनाव होऊन बसे. गावाच्या नावाचाही कारकुनाने चुराडा केला होता. पण तालुका जुळला, बापाचे नाव जुळले, आणि जाण्याचा काळ जुळला. गावच्या भावकीने आम्हांस फोन केला, "तुमच्या आजीचा मोरसवाला सापडला वाटतं."

'वाटतं' हा शब्द ध्यानात ठेवावा. पक्का पुरावा कोणाकडेच नव्हता. त्या नावाचे बाप त्या तालुक्यात शंभर असतील.

२०२५ च्या लग्नसराईत आमच्या पुतणीचे लग्न होते. आम्ही त्यांना पत्रिका धाडली आणि ते खरोखरच आले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आणि त्यांची मुलगी. गृहस्थ बस कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले. बोलणे क्रिओल भाषेत. मुलगी तेथे प्राथमिक शाळेत मराठी शिकविते. तिचे मराठी पुस्तकातले, स्वच्छ. आमच्या बायकांना ते ऐकून हसूही येई आणि लाजही वाटे. तेथे गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी असते हे तिने सांगितले. कोकणची जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात, हेही सांगितले. आमच्या नगरच्या पोरांना जाखडी म्हणजे काय हे तिच्याकडून कळले.

एका वृद्ध नातेवाइकाने तिला विचारले, "पोरी, तुझी आजी कोणत्या जातीची?" ती म्हणाली, "आजोबा, आजीचे घराणे तमिळ होते. एका जहाजातून आलेल्यांना आमच्याकडे जहाजी भाई म्हणत. ते जातीहून जवळचे." म्हातारबाबा पुढे काही बोलले नाहीत; पण जेवताना त्यांनी तिला आपल्या शेजारी बसविले.

आता आमची चूक. कोकणातल्या भावकीच्या मनात एक भीती होती. थोरल्या घरचा वारस आला, उद्या जमिनीत वाटा मागेल. ही भीती हावरेपणाची नव्हे. तेथे जमीन गुंठ्यांत उरली आहे आणि सातबाऱ्यावर नावांची रांग लागली आहे. त्यांनी आम्हांस गाठले. "तू कायद्याचं जाणतोस. हक्क सोडल्याच्या दोन ओळी लिहून दे. सही घेतली म्हणजे सगळे मोकळ्या मनाने भेटतील." आणि आम्ही तो मसुदा लिहून दिला.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात तो कागद त्यांच्यापुढे ठेवला गेला. त्यांनी मुलीस वाचावयास सांगितले. ती एकेक शब्द लावू लागली. 'निरंतर' कळला, 'हक्कसोड' कळेना. तिने आमच्याकडे पाहून विचारले, "काका, हे काय लिहिले आहे?" ते अक्षर आमचे होते. आमच्याने उत्तर देववेना. गृहस्थ आपल्या भाषेत सावकाश बोलले आणि मुलीने सांगितले, "बाबा म्हणतात, आमच्या मूळपुरुषाने न वाचलेल्या कागदावर अंगठा दिला, म्हणून आम्ही मोरसचे झालो. मला जमीन नको. पण समजल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि समजल्यावरही लग्नाच्या घरी करणार नाही."

बंधूंनो, आम्ही संघटनेत तीस वर्षे काढली. ऊसतोड कामगारास आम्ही पहिला धडा हाच देतो, की न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नकोस. तो धडा आमच्याच मांडवात, आमच्याच अक्षरातल्या कागदावर, एका पाहुण्याने आम्हांस दिला. आम्ही कागद घडी करून खिशात घातला आणि त्यांच्या पाया पडलो. तो बिनसहीचा कागद आजही आमच्या पेटीत आहे.

दुसऱ्या दिवशी व्याहीभेटीची वेळ आली. मुलीकडून पहिली भेट कोणी घ्यावयाची, असा प्रश्न निघाला. आमची थोरली बहीण, जी आजवर गप्प होती, ती पुढे येऊन म्हणाली, "थोरल्या घरचं माणूस मांडवात असताना तुम्ही धाकटे कसे पुढं होता?" सारे गप्प झाले. आम्ही त्यांना म्हटले, "दादा, चला." त्यांच्या डोक्याला फेटा बांधला आणि त्यांनी व्याह्यांस मिठी दिली. आजीचा विडा इतकी वर्षे देवापुढे सुकत होता. त्या दिवशी बहिणीने तो त्यांच्या हातावर ठेवला. ते आमचे रक्ताचे होते की नव्हते, हे आम्हांस आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण भावकीत त्यांची जागा रिकामी होती आणि ती भरली गेली. आमच्या समजुतीप्रमाणे नाते म्हणजे हेच. कागद ते सुचवितो, मान ते ठरवितो.

निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. "थोरल्याच्या आईचे नाव काय?" मोरसच्या वहीत बापाचे नाव होते, आईचे नव्हते. आमच्यापैकीही कोणास ठाऊक नव्हते. जमिनीची भीती धरणाऱ्या आम्हां सर्वांकडून त्यांना एक नाव हवे होते, आणि तेच आमच्याकडे नव्हते.

म्हणून शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येतो. दर दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडून कुटुंबेच्या कुटुंबे ऊस तोडावयास निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. त्यांच्यासाठी राज्यात कल्याण महामंडळ झाले आहे, ही गोष्ट चांगली. पण आपण मुकादमाची वही पाहावी. तीत कोयता आहे, उचलीचा आकडा आहे, गड्याचे नाव आहे. बाईचे नाव पुष्कळदा नसते. मोरसच्या वहीत आणि ह्या वहीत फरक तो किती? उद्या ह्या माणसांचा माग त्यांच्या नातवंडांना लागावयाचा असेल, तर तो पुन्हा धन्याच्याच वहीवरून लागावा काय?

आमची मागणी लहान आहे. ग्रामपंचायतीने बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकाचे, बाईचे आणि मुलाचेसुद्धा, नाव, मुक्काम आणि परतल्याची तारीख आपल्या वहीत लिहावी. आणि आपण शहरातल्या मंडळींनी, ज्यांची मुले आज पुण्यास, आखातात किंवा अमेरिकेत आहेत त्यांनी, घरच्या पुढच्या लग्नात एवढे करावे. सारी मंडळी जमली असताना एक वही मांडवात ठेवावी. म्हाताऱ्यांना विचारून कोण गेले, कोठे गेले आणि त्यांची आई कोण, हे लिहून घ्यावे. आम्ही ती वही घातली आहे. पहिल्या पानावर थोरल्याचे नाव आहे आणि त्याच्या आईची जागा कोरी ठेवली आहे.