भूलतज्ज्ञांचा दायित्व विमा : रुग्णाच्याही हिताची तरतूद



शस्त्रक्रिया म्हटली की शल्यविशारद डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या वेळी रुग्णाचा श्वास, नाडी व रक्तदाब ज्याच्या हवाली असतो, तो भूलतज्ज्ञ सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मेंदूचा प्राणवायू काही मिनिटे खंडित झाला तरी जन्माचे अपंगत्व येऊ शकते. असा प्रसंग हलगर्जीपणामुळे ओढवला, तर कुटुंबाला भरपाई कोण देणार?

प्रश्न जुनाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे एका तरुणाची मांडी मोडली. त्यास पुण्यास नेले. तेथे योग्य भूल न देता हाड बसविण्यासाठी जोर लावला गेला व त्याच्या धक्क्याने तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय झाला १९६८ साली. भरपाई होती ३,००० रुपये. वाट पाहावी लागली पंधरा वर्षे.

पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असे स्पष्ट केले. २००९ मध्ये हैदराबाद येथील शस्त्रक्रियेनंतर पांगळ्या झालेल्या तरुणास १ कोटी रुपयांची भरपाई मिळाली. अनेक रुग्णालयांत फिरून भूल देणाऱ्या एकट्या डॉक्टराने एवढी रक्कम कोठून आणावी? आणि त्याच्याजवळ ती नसेल, तर निकालाचा कागद घेऊन कुटुंबाने काय करावे?

व्यावसायिक दायित्व विम्याची गरज येथे आहे. डॉक्टर दरवर्षी हप्ता भरतो. हलगर्जीपणाचा दावा सिद्ध झाल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई आणि बचावाचा खर्च विमा कंपनी देते. मात्र काही गोष्टी नीट तपासल्या पाहिजेत. रुग्णालयाच्या विमापत्रात बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाचा समावेश असेलच असे नाही. या विम्यात बहुधा दावा दाखल होताना विमापत्र चालू असावे लागते. म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये. नोटीस मिळताच कंपनीस कळवावे. फौजदारी शिक्षा व दंड यांना मात्र विम्याचे संरक्षण नाही.

विमा हा सावधगिरीला पर्याय नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, रुग्णाची संमती आणि भुलेच्या काळातील नोंदी हेच डॉक्टरांचे पहिले संरक्षण होय. तसेच प्रत्येक दुर्दैवी मृत्यू म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हेही आपण गावकऱ्यांना समजावून सांगितले पाहिजे.

मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीसाठी तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञाला बोलावणे येते. दाव्याच्या भीतीने त्याने पाऊल मागे घेतले, तर त्या माउलीला जिल्ह्याच्या गावाकडे धाव घ्यावी लागेल. म्हणून माझी विनंती आहे : पंचायत सदस्यांनी आपल्या भागातील रुग्णालयांस या विम्याविषयी आवर्जून विचारावे, शिक्षकांनी पालकांना सांगावे की, पूर्वीचे आजार, चालू औषधे व शेवटचे खाणेपिणे भूलतज्ज्ञापासून लपवू नये. डॉक्टर निर्भय आणि रुग्ण निश्चिंत असावा, यातच सर्वांचे हित आहे.