शेवटची पायरी

बारामती तालुक्यांतील लोणी भापकर या गांवीं मल्लिकार्जुनाचें जुनें देवालय आहे व त्याच्यापाशीं एक दगडी पुष्करणी आहे. अशा पुष्करणीच्या पायऱ्या उतरतांना गारवा वाढत जातो, पाणी जवळ दिसूं लागतें. परंतु शेवटच्या पायरीवर जन्मभर उभा राहिलेला मनुष्य कोरडाच राहतो. पापापासून परतून प्रभूस सर्वस्व अर्पण करणें या विषयावर आज बोलावयाचें आहे. त्याचा विचार करितांना मला ही पायरी आठवली आणि तिच्या पाठोपाठ, येथून उत्तरेस असलेल्या केडगांवच्या पंडिता रमाबाई आठवल्या.

पाप म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मद्यपी, जुगारी, चोर उभे राहतात. रमाबाई यांपैकीं कोणीच नव्हत्या. 1858 सालीं जन्मलेली ही अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या आईवडिलांबरोबर तीर्थें हिंडली, पुराणें सांगत फिरली आणि दुष्काळांत आईबाप व बहीण यांना मुकली. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें विवाह झाला. दोन वर्षें होतात न होतात तोंच वैधव्य आलें. 1883 सालीं त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 1889 सालीं मुंबईस विधवांसाठीं त्यांनीं शारदा सदन उघडलें. ज्ञान, त्याग, परोपकार यांत कांहीं उणें होतें काय?

त्यांचें स्वतःचें उत्तर असें कीं, उणें होतें. बाप्तिस्म्यास सुमारें आठ वर्षें झाल्यावर त्यांना कळून आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु ख्रिस्त सापडला नाहीं. हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ दीक्षा घेऊन दुसऱ्यांस उपदेश करूं लागला होता. त्याचें स्वतःचें अंतःकरण मात्र पुढें कित्येक वर्षांनीं पालटलें. हें वाचून रमाबाई चमकल्या. आपणही बुद्धीनें मान्य केलें, तर्कानें पटवून घेतलें. पण आपण पापी आहों, आपल्या सत्कर्मांनीं आपला उद्धार होणार नाहीं, असें म्हणून रिकाम्या हातांनीं प्रभूपुढें उभ्या राहिलों नाहीं, हें त्यांना उमगलें. तेव्हां त्या शेवटची पायरी उतरल्या.

उधळ्या पुत्राची गोष्ट आपण सर्व जाणतों. धाकटा डुकरांच्या कोंड्यापर्यंत पोंचला आणि परतला. परंतु त्या गोष्टींत थोरलाही आहे. तो कधीं घर सोडून गेला नाहीं, कधीं आज्ञा मोडली नाहीं. तरी बापाच्या आनंदाच्या वेळीं तोच दाराबाहेर रुसून उभा राहिला. दुराचाऱ्यास आपण दूर गेलों हें निदान कळतें. सदाचारी मनुष्यास तें कळण्यास फार वेळ लागतो.

अंतःकरण वळलें म्हणजे जीवन सुखाचें होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. रमाबाईंची भक्ति उघड दिसूं लागली आणि सदनांतल्या कांहीं मुली त्यांच्या प्रार्थनेस येऊन बसूं लागल्या. संस्था धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर लोकांनीं मुली पाठविल्या होत्या. म्हणून त्यांचा रोष अगदींच अकारण होता असें म्हणतां येत नाहीं. 1893 सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं संबंध सोडला. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंनीं दार लावून घेऊन प्रार्थना केली असती, तर मानमान्यता टिकली असती. त्यांनीं दार उघडेंच ठेविलें.

पुढें 1896 च्या दुष्काळांत, स्वतः उपासमार भोगलेली ही बाई मध्यप्रांतांत गेली व सुमारें तीनशें निराधार मुली घेऊन आली. त्यांच्यासाठीं केडगांवच्या ओसाड माळावर मुक्ति सदन उभें राहिलें. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. ज्यांना कोणी घरांत घेत नव्हतें त्यांच्याशीं रमाबाई ‘तुम्ही पापी’ म्हणून बोलल्या नाहींत. ‘आपण पापी’ म्हणून बोलल्या. हा एका शब्दाचा फरक आठ वर्षांनीं पदरीं पडला होता. उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठींत बायबल आणिलें आणि त्याचीं शेवटचीं मुद्रितें पाहून होतांच, 5 एप्रिल 1922 रोजीं, त्या निवर्तल्या.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांचा बाप्तिस्मा पाळण्यांत असतांनाच झाला. मंडळीच्या वहींत नांव आहे, रविवारचें आसन ठरलेलें आहे, वर्गणी वेळेवर पोंचते. या साऱ्या पायऱ्या आहेत, चांगल्या आहेत. त्यांवाचून पाण्यापर्यंत कोण पोंचेल? परंतु आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें: मी पाण्यांत आहें, कीं पायरीवर? उत्तर कांहींही येवो, तें दुसऱ्या कोणास सांगावयाचें नाहीं. ज्यास सांगावयाचें, तो ऐकण्यास जवळच उभा आहे.