सेवेचे तास आणि सेवेचें शिक्षण

विद्यार्थ्यानें समाजसेवा करावी कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव ह्यांनीं ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, तेव्हांच तो मिटला. आज विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ह्या सेवेंतून विद्यार्थी काय शिकतो, आणि ज्यांची सेवा होते त्यांच्या पदरांत काय पडतें, हा तो प्रश्न होय.

योजनेचे नियम साधे आहेत. स्वयंसेवकानें वर्षांत १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचें आणि त्या काळांत सात दिवसांचें एक निवासी शिबिर पुरें करावयाचें. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें समाजकार्यास अभ्यासक्रमांतच जागा दिली असून तेथें कामाचे तास श्रेयांकांत मोजले जातात. पूर्वीं जें केवळ स्वेच्छेचें होतें, तें आतां पुष्कळांच्या बाबतींत पदवीचा भाग झालें आहे. ह्यांत लाभ आहे, तसा धोकाहि आहे. तास मोजतां येतात. पण त्या तासांत काय घडलें, हें वहींतील सहीवरून कळत नाहीं.

हा धोका नवी मुंबईंत विशेष स्पष्ट दिसतो. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर हें नगर वसविण्यास प्रारंभ झाला. भातशेती, मिठागरें आणि खाडींतील मासेमारी ह्यांवर जगणाऱ्या आगरी व कोळी कुटुंबांच्या जमिनीवर सेक्टर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं योग्य मोबदल्यासाठीं जें आंदोलन झालें, त्यांत ५ शेतकरी पोलिसांच्या गोळीबारांत मृत्युमुखीं पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना हें त्या लढ्याचें फळ होय. वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथें शिकणारा विद्यार्थी ज्या गांवठाणांत झाडू घेऊन जातो, त्या गांवाचें ऋण त्याच्या शिरावर अगोदरच आहे. हें त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं, तर तो दात्याच्या ऐटींत जातो आणि तसाच परत येतो.

एक उदाहरण घेऊं. खाडीकांठचें प्लॅस्टिक गोळा करणें हा अनेक शिबिरांचा आवडता कार्यक्रम. सकाळीं मुलें जातात, दुपारपर्यंत पोतीं भरतात, छायाचित्र निघतें; आणि पुढच्या भरतीबरोबर नवा कचरा येऊन पडतो. हें काम व्यर्थ आहे असें मी म्हणत नाहीं. तें अर्धें आहे. ठाणें खाडीस २०२२ मध्यें रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि तेथील रोहित पक्षी पाहण्यास लोक दुरून येतात. परंतु कोणत्या नाल्यांतून काय वाहत येतें, कोणत्या ऋतूंत जाळ्यांत माशांऐवजीं पिशव्या येतात, हें दिवाळे किंवा सारसोळे येथील कोळी बांधवांस विचारल्याविना कळावयाचें नाहीं. मुलांनीं वर्षभर तें विचारून लिहून ठेवावें आणि ती नोंद गांवकऱ्यांसह महापालिकेच्या विभाग कार्यालयांत नेऊन द्यावी. मग सेवा आणि शिक्षण हीं दोन्हीं साधतील.

ह्यासाठीं तीन गोष्टी सुचवितों. पहिली, काम ठरविण्यापूर्वीं गांवास विचारावें. शिबिराचा पहिला दिवस केवळ ऐकण्यासाठीं ठेवावा. दुसरी, दरसाल नवी वस्ती न शोधतां एकाच वस्तीशीं कांहीं वर्षें संबंध ठेवावा, आणि जाणाऱ्या तुकडीनें आपली नोंदवही येणाऱ्या तुकडीच्या हातीं द्यावी. सेवा विभागांत उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याचें तर हेंच मुख्य काम असावें. तिसरी, शिबिराचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटांत जाण्यापूर्वीं समाजमंदिरांत, मराठींत, वाचून दाखवावा. त्यांत चुकीचें असेल तें दुरुस्त करण्याचा अधिकार गांवकऱ्यांचा.

कोणी म्हणेल, हें बोलणें सोपें आहे. एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे साधारणपणें १०० स्वयंसेवक असतात, आणि त्याला आपले तासहि घ्यावयाचे असतात. मुलें लोकलनें येतात-जातात. कित्येक नोकरी करून शिकतात. ही अडचण खरी आहे. म्हणूनच कामें थोडीं घ्यावींत आणि तीं शेवटास न्यावींत. श्रम आणि विद्या ह्यांची सांगड महाराष्ट्रास नवी नाहीं. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं ती घालून दाखविली, आणि वाशीचें एक महाविद्यालय त्यांचेंच नांव धारण करितें.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बोधचिन्हावर कोणार्कच्या सूर्यरथाचें चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. योजनेचें बोधवाक्य 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचें आहे. हे 'तुम्ही' कोण, त्यांचें पूर्वींचें शेत कोठें होतें, त्यांची आजची अडचण काय, हें जाणून घेणें हा सेवेचा पहिला धडा होय. येत्या शिबिराची आखणी करतांना प्राध्यापकांनीं आणि विद्यार्थ्यांनीं त्यासाठीं एक दिवस काढावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.