एक तास राखून ठेवा
(तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की ग्रामीण भागात अजूनही ‘ते आपल्यासाठी नाही’ असा सूर ऐकू येतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे. विसाव्या वर्षी हे वाक्य मीही निमूटपणे मान्य केले होते. ती समजूत चुकीची होती, हे सांगण्यासाठीच आज आपणांसमोर उभा आहे.

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी ‘कॅट’ ही परीक्षा घेतली जाते. नागपूरची संस्था २०१५ साली सुरू झाली. मुंबईच्या ‘निटी’ला २०२३ साली हा दर्जा मिळाला. म्हणजे अशा दोन संस्था आपल्याच राज्यात आहेत. या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकास ४० मिनिटे मिळतात. गणिताचा पाया बव्हंशी शालेय अभ्यासक्रमातीलच असतो.

बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात, तर पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून चार उत्तरे दिली आणि त्यांतील एकच बरोबर आले, तर पदरी शून्यच पडते. उलट, राज्याच्या एमबीए सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेथे प्रश्न कोरा सोडणे हेच नुकसान. हा फरक विद्यार्थ्यांस वेळीच सांगितला पाहिजे. तसेच ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरांपैकी सुमारे नव्वद परीक्षार्थींच्या पुढे असणे होय.

आता तयारीविषयी. पूर्वी यासाठी शहरात खोली घेऊन राहावे लागे. आज थेट वर्ग भ्रमणध्वनीवर घरी येतात. ध्वनिचित्रमुद्रित पाठ केव्हाही पाहता येतो, आणि म्हणूनच तो उद्यावर ढकलला जातो. थेट वर्गाला ठरलेली वेळ असते, शंका तेथल्या तेथे विचारता येते आणि बरोबरीचे विद्यार्थी कोठे आहेत हेही कळते. मात्र शुल्क भरण्यापूर्वी वर्गात किती विद्यार्थी आहेत, शंका कोण सोडवितो आणि बुडालेला पाठ पुन्हा पाहता येतो काय, हे विचारून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात दौऱ्यावर असताना एका गावी अशीच एक पदवीधर मुलगी भेटली. वडिलांनी कांदा विकून तिचे शुल्क भरले होते. वर्ग सायंकाळी सात वाजता असे. नेमकी तीच वेळ धारा काढण्याची आणि चुलीची. कधी अर्धा वर्ग पदरात पडे, कधी तोही नाही. वडिलांनी पैसे दिले, पण वेळ कोणीच दिली नव्हती.

मुख्याध्यापकांच्या हे लक्षात आले. त्यांनी शाळेची एक खोली सायंकाळी उघडी ठेवली. सरपंचबाईंनी तिच्या आईची समजूत घातली. आता धारा धाकटा भाऊ काढतो. ती आठवड्याला एक सराव परीक्षा देते आणि चुकलेली उदाहरणे वेगळ्या वहीत उतरवून पुन्हा सोडविते. निकाल काय लागेल तो लागो. तिच्या मार्गातला अडसर बुद्धीचा नव्हता, एवढे तरी गावाला कळले.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. पंचायतीने वाचनालयात किंवा सभागृहात एक शांत कोपरा, दिवा आणि जोडणी द्यावी. शिक्षकांनी मुलांना रोज एक इंग्रजी उतारा वाचावयास लावावा आणि शेकडेवारी, गुणोत्तर पक्के करून घ्यावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला जो एक तास मिळतो, तोच मुलीलाही राखून ठेवावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.