न्यूयॉर्कचे भाषण, ट्रॉम्बेची अणुभट्टी



विज्ञानलेखकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. संमेलन ट्रॉम्बेला भरले आहे म्हणूनच आज मी प्रयोगशाळेबद्दल थोडे आणि भाषणे व कायदे यांच्याबद्दल अधिक बोलणार आहे.

आरंभ अप्सरेपासून करू. 4 ऑगस्ट 1956 रोजी ही अणुभट्टी इथे सुरू झाली. इंधन ब्रिटनचे होते, बांधणी आपल्या शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची. खोल हौदात, स्वच्छ पाण्याखाली तिचा गाभा. भट्टी चालू असली की गाभ्याभोवतीचे पाणी निळ्या प्रकाशाने उजळून निघे. तो प्रकाश पाहूनच पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले. ट्रॉम्बेवरचे आपले बरेचसे मराठी लेखन या निळ्या उजेडापाशी थांबते. त्याच्या पुढे जावे, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे.

8 डिसेंबर 1953 रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे बोलले. अणूची शक्ती शेती, वैद्यक आणि वीज यांच्या कामी यावी, त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था असावी, असे त्यांनी मांडले. जगाने टाळ्या वाजवल्या. पण टाळ्यांनी अणुभट्टी उभी राहत नाही. अमेरिकेच्याच 1946च्या कायद्याने अणूविषयीचे ज्ञान परदेशी देण्यावर कडक निर्बंध घातले होते. तो कायदा 1954 साली बदलला, तेव्हा कुठे भाषणाला हातपाय फुटले. पुढच्याच वर्षी जिनिव्हाला अणूच्या शांततामय उपयोगावर परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. त्यानंतर कॅनडाने भट्टी दिली, अमेरिकेने जड पाणी दिले आणि जुलै 1960 मध्ये ट्रॉम्बेला सायरस सुरू झाली. घारापुरीच्या लाँचमधून जाताना किनाऱ्यावर दिसणाऱ्या त्या घुमटामागे एक भाषण आहे, आणि त्या भाषणामागे उभा राहिलेला एक कायदा आहे.

कायदा जसे देतो, तसे काढूनही घेतो. 1974 साली पोखरणच्या अणुचाचणीसाठी लागलेले प्लुटोनियम सायरसमधून आले होते. अमेरिकेत त्यावर मोठी चर्चा झाली आणि 1978 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा झाला. ज्या देशाला इंधन हवे, त्याने आपली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करावीत, ही त्याची अट. भारताने ती मानली नाही. त्याची झळ कुठे लागली? आपल्या तारापूरला! तिथल्या भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, 1969 पासून वीज देणाऱ्या, अमेरिकेतून येणाऱ्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. करार असूनही पुरवठा अडला आणि 1982 साली फ्रान्सकडून इंधन घेण्याची व्यवस्था करावी लागली. वॉशिंग्टनमध्ये मंजूर झालेल्या कलमाशी महाराष्ट्रातल्या विजेचा असा थेट संबंध होता. सायरसचा शेवटही कागदावरच ठरला. भारत-अमेरिका अणुसहकार्याच्या वाटाघाटींत ती बंद करण्याचे आपण मान्य केले आणि 2010 संपताना ती कायमची थांबली.

आता आपल्या घरचे पाहू. एप्रिल 1948 मध्ये नेहरूंनी अणुऊर्जेचे विधेयक मांडले. त्या चर्चेत म्हैसूरचे सदस्य एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी मर्मावर बोट ठेवले. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनावरही ती कशाला, असे त्यांनी विचारले. या दोन उपयोगांत रेघ कशी ओढावी हे कळत नाही, अशी कबुली नेहरूंनी दिली. विधेयक मंजूर झाले. 1962च्या नव्या कायद्यातही माहिती उघड करण्यावर बंधन घालणारे कलम आले. कृष्णमूर्ती रावांचा प्रश्न मला आजही जिवंत वाटतो. तारापूरच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पासाठी माडबनच्या माणसांनी जमीन देण्याआधी प्रश्न विचारले. शेजारी काय उभे राहते आहे, धोका किती आणि भरपाई कोण देणार, हे त्यांना कळायलाच हवे होते. 2010चा अणुअपघात दायित्वाचा कायदा याच भरपाईसाठी होता. त्याची सोपी, नेमकी मांडणी किती मराठी घरांत पोचली?

असले रूक्ष विषय कोण वाचणार, असे कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत केलेले भाषण मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत वाचले जाते, त्यावर वाद घातले जातात. आपल्या आयुष्याचा त्याच्याशी संबंध आहे हे कळले, की मराठी माणूस कायदेमंडळातले भाषणही जिवाचा कान करून ऐकतो.

म्हणून माझ्या तरुण लेखक मित्रमैत्रिणींना तीन कामे सांगतो. आयझेनहॉवर यांचे भाषण आणि 1948ची चर्चा टिपांसह मराठीत आणा. अणुऊर्जेचे कायदे कलमागणिक समजावून देणारे पुस्तक लिहा. ते विद्यार्थ्याला जसे कळेल, तसे माडबनच्या शेतकऱ्यालाही कळले पाहिजे. आणि ट्रॉम्बेच्या जुन्या रहिवाशांच्या, तसेच इथल्या निवृत्त तंत्रज्ञांच्या आठवणी आत्ताच टिपून घ्या, कारण ती पिढी थकत चालली आहे. विज्ञानाचे कौतुक आपण पुष्कळ केले. आता त्याचा जाब विचारता येईल इतकी माहिती वाचकाच्या हाती देऊ. कायदा समजलेला नागरिक विज्ञानाचा खरा मित्र असतो, अशी माझी श्रद्धा आहे.