बायकांनी ठोसे का मारावेत?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)

मारहाणीच्या विरोधात काम करणाऱ्या आपण, आणि मी बोलणार बॉक्सिंगविषयी, हे कळल्यावर तुमच्यापैकी काहीजणींच्या कपाळावर आठ्या पडल्या. पडणारच. म्हणून आधीच सांगते, नवऱ्याला उलट ठोसा मारायला बायकांना शिकवा, असे सांगायला मी उभी नाही. मार खाणाऱ्या बाईनेच तालीम करून तयार व्हावे, असे म्हणणे म्हणजे जबाबदारी पुन्हा तिच्याच गळ्यात घालणे. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, त्यांच्या मागे आपण लागतोच. माझा विषय त्याच्या पुढचा आहे. मार थांबला, बाई माहेरी आली किंवा वेगळी राहू लागली, तरी दार वाजले की तिचे काळीज धडधडते. रात्र रात्र झोप नाही. शेजारणीने फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी ती अंग चोरते. या शरीराचे काय करायचे?

१९९० साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बाईच्या मेंदूविषयी छोटासा लेख आला होता. वर्षानुवर्षे नवऱ्याचा मार खाल्लेल्या या बाईच्या मेंदूत मृत्यूनंतर जे बदल दिसले, ते डॉक्टरांना मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत माहीत होते. डोक्यावर ठोसे खाऊन येणाऱ्या या आजाराचे वर्णन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्येच केले होते. म्हणजे मुष्टियोद्ध्याचा आजार बाईला घरातच झाला होता. तिच्या वाट्याला ना घंटा आली, ना पंच, ना हातमोजे.

आणि रिंगणात उतरायला मात्र बायका नालायक! जेन काऊच या इंग्रज बाईने व्यावसायिक मुष्टियुद्धाचा परवाना मागितला, तेव्हा तिथल्या नियामक मंडळाने तो नाकारला. त्यांच्या कारणांपैकी एक असे, की पाळी येण्याच्या सुमारास बायका मनाने अस्थिर होतात. १९९८ मध्ये ती न्यायाधिकरणापुढे जिंकली. ऑलिम्पिकमध्ये बायकांचे मुष्टियुद्ध यायला २०१२ साल उजाडले. त्या वर्षी मणिपूरच्या मेरी कोमने कांस्यपदक आणले, तेव्हा ती दोन मुलगे असलेली आई होती आणि पाच वेळा जगज्जेती झालेली होती. पण पदके हा आपला विषय नाही.

आता एक गैरसमज. ‘पिशवीवर चार ठोसे मार, राग बाहेर पडेल, मोकळं वाटेल,’ असे समुपदेशन करणाऱ्याही सांगतात. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे तपासून पाहिले. विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवले. मग काहींना, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पिशवीला ठोसे मारायला लावले, काहींना नुसतेच बसवून ठेवले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की त्या माणसाला डोळ्यांपुढे आणून ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, तो सर्वांत जास्त राहिला. तेव्हा पिशवीवर नवऱ्याचा फोटो चिकटवण्याची जी कल्पना आपल्याकडे हसत हसत मांडली जाते, ती सोडून द्या.

मग फायदा कशाचा? कॅनडात टोरोंटो शहरात सॅव्हॉय हाऊ या मुष्टियोद्धीने बायकांसाठी व्यायामशाळा काढली होती. तिथे २००७ मध्ये, हिंसा सोसलेल्या बायकांसाठी बॉक्सिंगचा मोफत वर्ग सुरू झाला. त्यात कुणी कुणाला मारत नसे. पिशवी, दोरीवरच्या उड्या आणि प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गाद्या, एवढेच. हजाराहून जास्त बायका त्या वर्गातून गेल्या. खास बॉक्सिंगवरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत, पण नियमित व्यायामाने नैराश्य काही प्रमाणात कमी होते याला बराच आधार आहे. माझ्या मते बॉक्सिंगमध्ये त्याहून काही अधिक आहे.

घाबरलेली बाई श्वास धरून ठेवते. ठोसा मारताना श्वास सोडावाच लागतो, नाही तर मिनिटभरात दम संपतो. पाय रोवायचे, एक पुढे एक मागे, हनुवटी खाली, हात गालांपाशी, आणि नजर समोर. जिला वर्षानुवर्षे ‘नजर खाली कर’ ऐकावे लागले, तिला हा शेवटचा भाग सर्वांत अवघड जातो. छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. भीतीच्या झटक्यात हेच होते. फरक एवढाच, की इथे ते तिने स्वतः सुरू केलेले असते आणि तीन मिनिटांनी घंटा होणार हे तिला माहीत असते. घंटा होते, ती बसते, पाणी पिते, धडधड उतरते. धडधड उतरते, हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळणे, हे माझ्या दृष्टीने खरे औषध. गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. डोक्यावर ठोसा नाही, सरावातही नाही. आपल्याकडे येणाऱ्या कितीजणींच्या डोक्यावर आधीच मार बसलेला आहे, हे आपण नोंदवतसुद्धा नाही. अर्जात हात मोडल्याचे लिहितो, बेशुद्ध पडल्याचे विचारत नाही. ते विचारा. चक्कर, सततची डोकेदुखी, विसरभोळेपणा असेल तर आधी तपासणी. वाढलेला रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तरी आधी डॉक्टर.

पिशवी वाळूने भरू नका, वाळू खाली बसून दगड होते आणि मनगट जाते. गोणपाटाच्या पोत्यात शिंप्याकडच्या चिंध्या ठासून भरा. हाताला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या चालतील. अंगठा मुठीच्या बाहेर. आत ठेवला तर मोडतो, आणि नव्या बाया हमखास आत ठेवतात. पवित्रा सुधारण्यासाठीसुद्धा न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. कुणी मधेच रडू लागली तर वर्ग थांबवून तिच्याभोवती गोळा होऊ नका, तिला बसू द्या. दाराकडे पाठ करून उभे राहायला जिला नको वाटते, तिची जागा बदला.

शिकवणारी बाई मिळणे कठीण, हे मला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात जाऊन खेळ सोडून घरी बसलेल्या मुलींची चौकशी करा. लग्नानंतर हातमोजे माळ्यावर टाकलेल्या मुली भेटतील. मानधन द्या, फुकट राबवू नका. आणि वर्गाची वेळ ठरवण्याआधी वस्तीत नळाला पाणी कधी येते ते विचारून घ्या.