जाहिरातीचे यंत्र आणि फराळाचे ताट

(मंडळाच्या गृहउद्योग मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



व्यापारावर बोलण्यासाठी मंडळाने आमच्यासारख्या सरकारी नोकराची निवड करावी, ही गंमतच म्हणायची. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ मधील पंधराव्या नियमानुसार आम्हांस पूर्वपरवानगीवाचून व्यापार करता येत नाही. घरातील कोणी व्यवसाय करीत असल्यास तेही शासनास कळवावे लागते. सुदैवाने आमच्या घरी चकल्या विकत आणल्या जातात, विकल्या जात नाहीत. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते एक गिऱ्हाईक आणि मंडळाचा जुना कार्यकर्ता या नात्याने.

एके काळी करोलबाग, पहाडगंज आणि सरकारी वसाहती एवढे फिरले की ओळखीची बहुतेक मराठी घरे होत असत. मंडळाच्या फलकावर एक कागद लावला की काम भागे. आज आपण द्वारकेपासून नोएडापर्यंत, गुरुग्रामपासून इंदिरापुरमपर्यंत तीन राज्यांच्या हद्दींत विखुरलो आहोत. शेजारच्या इमारतीत कोणी उत्तम अनारसे करते, हेही कळत नाही. येथे समाजमाध्यमांचे यंत्र खरोखर उपयोगी पडते.

फेसबुकवर जाहिरात देताना नकाशावर आपले ठिकाण दाखवून भोवती काही किलोमीटरांचे वर्तुळ आखता येते. भाषा आणि आवड निवडता येते, रोजच्या खर्चास मर्यादा घालता येते. व्हॉट्सॲपची व्यवसायासाठीची आवृत्ती भारतात जानेवारी २०१८ मध्ये आली. तिच्यात पदार्थांची सचित्र यादी ठेवता येते आणि आपण कामात असताना ठरावीक उत्तर आपोआप जाते. कढईपुढे उभ्या असलेल्या भगिनीचे हात पिठातेलाचे असतात. तिच्या वतीने यंत्राने उत्तर द्यावे, हा लाभ थोडा नव्हे. आमची सूचना एवढीच की वर्तुळ लहान ठेवावे. नोएडाची चकली गुरुग्रामला पाठविण्यात नफा प्रवासातच संपतो. तसेच घरी केलेला पदार्थ विकण्यासही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, हे विसरू नये.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे.

एका दिवाळीपूर्वी भगिनींच्या फराळाची जाहिरात करावी म्हणून आम्ही मंडळाची सभासदयादी यंत्रास जोडून दिली. प्रत्येकास नावानिशी संदेश जाईल, अशी व्यवस्था होती. ठरल्या वेळी संदेश सुटले. एक संदेश गेला तो आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या नावे: सप्रेम नमस्कार, यंदाचा फराळ आमच्याकडूनच घ्या. त्यांच्या चिरंजीवांनी उत्तर पाठविले, ‘बाबा ऑगस्टमध्ये गेले.’ त्यावर क्षणात यंत्राचे उत्तर गेले, ‘आपल्या मागणीबद्दल आभार. लवकरच संपर्क साधू.’

बंधुभगिनींनो, त्या गृहस्थांच्या अंत्ययात्रेस आम्ही स्वतः उपस्थित होतो. यादीतील नाव मात्र बदलायचे राहिले. ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झाला, त्या घरी दिवाळीस कढई चढत नाही. आप्त आणि शेजारी आपल्या घरचे ताट नेऊन देतात, ही आपली रीत. ज्या घरी आम्ही ताट न्यावयाचे, त्या घरी आम्ही किमतींची यादी धाडली. दोष यंत्राचा नव्हता. त्यास पत्ता ठाऊक होता, परंतु त्या घरचे दुःख ठाऊक असण्याचे काम आमचे होते.

दुसरीही गोष्ट ध्यानात आली. सभासदांनी आपले क्रमांक मंडळाच्या कार्यासाठी दिले होते, विक्रीसाठी नव्हे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे त्यामागचे तत्त्व. कायदा नसता तरी विश्वासाने दिलेली वस्तू आपण तशीच सांभाळली असती, असे म्हणण्यास आम्हांस त्या दिवशी तोंड उरले नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही सपत्नीक ताट घेऊन गेलो आणि क्षमा मागितली. वहिनी फारसे बोलल्या नाहीत. परत निघताना त्यांनी ताट रिकामे देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली.

तेव्हापासून विक्रीची यादी आम्ही वेगळी ठेवली आहे. जो स्वतः नाव देईल तोच तिच्यात असतो आणि नको म्हणताच त्याचे नाव निघते. सणापूर्वी कार्यकारिणीतील दोघे ती एकदा डोळ्यांखालून घालतात. यादी लहान झाली, हे खरे. परंतु ज्या भगिनी आज येथे उद्योग मांडून बसल्या आहेत, त्यांना आमचे सांगणे हेच, की यंत्र जरूर वापरा, यादी मात्र स्वतः वाचा. आणि जेथे ताट नेणे उचित, तेथे स्वतः जा.